कठीण वचनाला कात्री लावण्याआधी

योहानाच्या शुभवर्तमानातल्या सहाव्या अध्यायात गर्दी पांगते. पाच हजारांना भाकर मिळाली तेव्हा येशूला राजा करायला निघालेले लोक दुसऱ्या दिवशी त्याच्या देहाविषयीचे आणि रक्ताविषयीचे बोलणे ऐकून वैतागतात. हे फार जड आहे, हे कोण ऐकून घेणार, असे म्हणत त्यांतले पुष्कळजण निघून जातात. जाणाऱ्यांना शुभवर्तमानकार ‘शिष्य’च म्हणतो, हे ध्यानात घेण्यासारखे आहे. येशू त्यांना थांबवण्यासाठी बोलणे सौम्य करत नाही, आणि उरलेल्या बाराजणांची वाटही अडवत नाही. तुम्हालाही जायचे आहे का, एवढेच विचारतो. त्यावर त्यांतल्या पेत्राने दिलेले उत्तर उपासनेत वारंवार वाचले जाते. पण सगळे समजले असा दावा पेत्र त्यात कुठेही करत नाही. जायचे तर कोणाकडे, असे तो उलट विचारतो.

ख्रिस्ती शिकवणीतला एखादा भाग गळ्याखाली उतरेनासा झाला की हल्ली दोनच सल्ले मिळतात. पहिला सल्ला असा, की तेवढा भाग सोडून द्या, काळ बदलला आहे. दुसरा असा, की प्रश्न विचारू नका, विश्वास ठेवा. एकात शास्त्राचे, म्हणजे बायबलचे, तुकडे पडतात, दुसऱ्यात माणसाच्या बुद्धीला घराबाहेर उभे केले जाते. मला दोन्ही अमान्य आहेत. कठीण वचन पूर्णच्या पूर्ण समोर ठेवावे, त्याच्याशी उघडपणे झगडावे आणि त्याचे ओझे दुसऱ्याच्या खांद्यावर देण्याआधी स्वतःच्या खांद्यावर घेऊन पाहावे, असे माझे म्हणणे आहे. यातली तिसरी गोष्ट सर्वांत दुर्लक्षित आहे, आणि माझ्या मते निष्ठेची खरी कसोटी तिथेच लागते.

आधी कात्रीविषयी. शास्त्रातला नको असलेला भाग काढून टाकण्याचा प्रयोग नवा नाही. दुसऱ्या शतकात मार्सियन नावाच्या श्रीमंत जहाजमालकाने जुना करार पूर्ण नाकारला, चार शुभवर्तमानांपैकी फक्त लूकचे, तेही छाटून, ठेवले आणि प्रेषित पौलाची दहा पत्रे स्वीकारली. त्याला न्यायनिष्ठुर देव नको होता, फक्त दयाळू देव हवा होता. इ. स. १४४मध्ये रोमच्या मंडळीने, म्हणजे तिथल्या चर्चने, त्याच्याशी संबंध तोडले आणि त्याने दिलेली दोन लाख सेस्टर्सची देणगीही परत केली. अमेरिकेचे माजी राष्ट्राध्यक्ष थॉमस जेफरसन यांनी १८२०च्या सुमारास शुभवर्तमानांतली नीतिवचने पात्याने कापून वहीत चिकटवली. ८४ पानांच्या त्या संकलनात चमत्कार नाहीत, आणि ते कबरेच्या तोंडाशी धोंड लोटली जाते तिथेच संपते. १९३९मध्ये जर्मनीत आयझेनाख येथे ख्रिस्ती जीवनातून यहुदी प्रभाव काढून टाकण्यासाठी एक संस्था उघडली गेली. १९४०मध्ये तिने जो नवा करार छापला, त्यात येशूच्या यहुदी मुळांचे उल्लेख गाळलेले होते.

पण या सगळ्यांत अभ्यासण्यासारखे उदाहरण १८०७ सालचे आहे. लंडनमध्ये त्या वर्षी वेस्ट इंडीजमधल्या गुलामांसाठी बायबलमधले निवडक उतारे छापले गेले. प्रोटेस्टंट बायबलमध्ये १,१८९ अध्याय असतात; या आवृत्तीत २३२ ठेवले होते. योसेफ गुलाम म्हणून विकला गेला ती कथा होती, पण इस्राएल लोक मिसरच्या गुलामीतून सुटले तो वृत्तांत नव्हता. दासांनी धन्याच्या आज्ञेत राहावे हे इफिसकरांस पत्रातले वचन होते. ख्रिस्तामध्ये दास आणि स्वतंत्र असा भेद नाही हे गलतीकरांस पत्रातले वचन गायब होते. कापणाऱ्यांना स्वतःला जे कठीण गेले असते तेवढे त्यांनी काढले आणि दुसऱ्याला जे कठीण जाईल तेवढे ठेवले. गुलामगिरीविरुद्ध ख्रिस्ती माणसे उभी राहिली ती कापलेल्या शास्त्राच्या बळावर नव्हे. निर्गमाचे पुस्तक आणि पळून आलेल्या दासाला धन्याच्या हवाली करू नये ही ‘अनुवाद’ नावाच्या पुस्तकातली आज्ञा अखंड बायबलात होती म्हणून त्यांचा आधार घेता आला.

यावरून एक काम निघते. एखादे वचन मला खुपते तेव्हा ते का खुपते याची चौकशी आधी करायला हवी. ते माझ्या न्यायबुद्धीला खुपते आहे की माझ्या सोयीला? पुष्कळदा दोन्ही एकत्र असतात आणि वेगळे करताना वेळ लागतो. तो वेळ न घेता कात्री उचलली की आपण नेमके काय वाचवले आणि काय फेकले हे कळण्याची सोयच उरत नाही, कारण कापलेले शास्त्र माणसाला पुन्हा कधी अडवत नाही.

कागदावर कात्री न लावताही कापता येते, आणि मंडळ्यांमध्ये हेच जास्त चालते. श्रीमंताचा देवराज्यात प्रवेश होण्यापेक्षा उंटाने सुईच्या नाकातून जाणे सोपे, असे येशू म्हणतो. यावर एक लाडके स्पष्टीकरण ऐकू येते: यरुशलेमला ‘सुईचे नाक’ नावाचा छोटा दरवाजा होता, उंटाने ओझे उतरवून गुडघे टेकले की तो आत जाई. येशूच्या काळी असा दरवाजा होता याचा कोणताही पुरावा नाही. हे स्पष्टीकरण कित्येक शतकांनंतर पुढे आले. शिवाय मार्कच्या दहाव्या अध्यायात पुढच्याच ओळी वाचल्या तर ते टिकत नाही. शिष्य थक्क होऊन विचारतात, मग तारण कोणाचे होणार? येशू म्हणतो, माणसांना हे अशक्य आहे. गुडघे टेकून जमणारी गोष्ट असती तर एवढे थक्क व्हायचे कारण नव्हते.

व्याजाचे उदाहरण त्याहून बोलके आहे. परतफेडीची आशा न धरता उसने द्या, असे लूकच्या सहाव्या अध्यायात आहे. मध्ययुगीन चर्चने ही गोष्ट इतकी गंभीर मानली की ११७९च्या तिसऱ्या लॅटरन परिषदेने उघडपणे व्याजबट्टा करणाऱ्यांना प्रभुभोजन आणि ख्रिस्ती दफन दोन्ही नाकारले. १७४५मध्येही पोप चौदावे बेनेडिक्ट यांनी परिपत्रक काढून कर्जावरच्या नफेखोरीचा निषेध केला. कर्ज म्हणजे भुकेल्याने घेतलेले उसने, आणि कर्ज म्हणजे उद्योगात घातलेले भांडवल, यांत फरक आहे आणि तो फरक करण्यामागे खरा विचार झालेला आहे. तरीही आज किती व्यासपीठांवरून सावकारीविषयी एक वाक्य तरी ऐकू येते? विवाहाच्या शिकवणीत स्वल्पविराम हलला तरी अस्वस्थ होणारी मंडळी पैशाच्या शिकवणीत पाने उलटून पुढे जाते. पेढीवाले पहिल्या रांगेत बसतात, हे त्याचे एक कारण असावे.

आता खरी अवघड जागा हाताळायची कशी, याकडे येऊ. ‘कठीण’ या एका शब्दाखाली तीन वेगळ्या तक्रारी येतात. शिकवण समजायला कठीण असू शकते, पटायला कठीण असू शकते किंवा पाळायला कठीण असू शकते. तिन्हींचे उपाय वेगळे आहेत आणि गोंधळ बहुधा इथेच होतो. ज्याला पाळायचे नसते तो समजत नाही असे सांगतो. ज्याला पटत नाही त्याला समजावणीची व्याख्याने दिली जातात. आणि ज्याला खरोखरच समजलेले नसते त्याला आज्ञाभंगाचा दोष लावला जातो.

समजायला कठीण म्हणजे त्रैक्याचा सिद्धांत (देव एकच, पण पिता, पुत्र आणि पवित्र आत्मा), किंवा येशू पूर्ण देव आणि पूर्ण मनुष्य कसा. इथे दिलासा असा, की चर्चनेही हे सुटल्याचा दावा केलेला नाही. ४५१च्या कॅल्सेडॉन परिषदेने ख्रिस्ताच्या दोन स्वभावांविषयी चार नकार दिले: त्यांची सरमिसळ होत नाही, त्यांत बदल होत नाही, त्यांची विभागणी होत नाही, ते विलग होत नाहीत. हे कुंपण आहे. आत काय आहे याचे पूर्ण वर्णन ते करत नाही, कुठे गेल्यावर वाट चुकते तेवढे सांगते. साध्या श्रद्धावंताने कुंपणाच्या आत राहावे एवढी अपेक्षा आहे, नकाशा काढून दाखवावा अशी नाही. पेत्राच्या दुसऱ्या पत्रात तर पौलाच्या पत्रांत काही गोष्टी समजायला अवघड आहेत असे सरळ लिहून ठेवले आहे. एका प्रेषिताच्या नावाने असलेले पत्र दुसऱ्याविषयी हे म्हणते, तेव्हा वाचकाने आपल्या गोंधळाची लाज बाळगायचे कारण नाही.

पाळायला कठीण म्हणजे वैऱ्यावर प्रीती. ‘तुम्ही आपल्या वैऱ्यांवर प्रीती करा’ या वाक्यात कळायला काहीच अवघड नाही. इथे टीकाग्रंथ उघडणे म्हणजे टाळाटाळ. इथे लागते ती सवय, आणि सवय लहान कामापासून लागते: त्या माणसाचे नाव रोज प्रार्थनेत घेणे, त्याच्याविषयी खोटे न बोलणे, त्याच्या पडण्यावर आनंद न मानणे. प्रेमाची भावना निर्माण होईपर्यंत थांबलो तर आयुष्य जाईल. येशूने याच वाक्याला जोडून प्रार्थना करा असे सांगितले आहे, ते करता येण्याजोगे आहे.

सर्वांत दमवणारी आहे ती पटायला कठीण शिकवण. शब्द कळतात, आज्ञा पाळताही येईल, पण मन म्हणते हे बरोबर नाही. यासाठी पहिली पायरी अशी, की ही शिकवण कोणत्या वजनाची आहे ते तपासावे. सगळ्या शिकवणी एका पातळीवर नसतात, आणि हे सांगायला उदारमतवादी व्हावे लागत नाही. प्रेस्बिटेरियन परंपरेतला १६४६चा वेस्टमिन्स्टर विश्वासांगीकार, म्हणजे श्रद्धेचे अधिकृत निवेदन, पहिल्याच प्रकरणात म्हणतो, की शास्त्रातल्या सगळ्या गोष्टी सारख्याच स्पष्ट नाहीत. तारणासाठी आवश्यक तेवढे स्पष्ट आहे. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने १९६४च्या ऐक्यविषयक दस्तऐवजात सत्यांची श्रेणी असते, मूळ पायाशी त्यांचे नाते कमीजास्त जवळचे असते, असे नोंदवले. तेव्हा तीन प्रश्न विचारावेत. हे विश्वासांगीकारात आहे का? सर्व काळांतल्या, सर्व परंपरांतल्या चर्चने हे एकमुखाने शिकवले आहे का? की हे एका संप्रदायाचे, एका शतकाचे किंवा एका वक्त्याचे मत आहे?

नरकाचेच पाहा. कित्येकांचा विश्वास या एका मुद्द्यावर डळमळतो. नाईसीन विश्वासांगीकार म्हणतो, ख्रिस्त जिवंतांचा आणि मृतांचा न्याय करण्यास पुन्हा येईल. न्याय होणार, हा पाया. तो नाकारला तर अत्याचाऱ्याला आणि पीडिताला एकच निरोप मिळतो. पण ज्वाळा, छळाची वर्णने, तिथे गेलेल्यांची संख्या यांतले काहीही त्या अंगीकारात नाही. चौथ्या शतकातले निस्साचे ग्रेगरी यांनी शेवटी सर्वांची पुनःस्थापना होईल अशी आशा मांडली. तरी त्यांना संत मानले जाते. ऑगस्टीन यांनी ‘देवाचे नगर’ या ग्रंथाच्या एकविसाव्या भागात सार्वकालिक शिक्षेची बाजू जोरकसपणे मांडली आणि पश्चिमेत तेच मत रूढ झाले. बाप्तिस्मा न होता वारलेल्या बालकांचे काय, यावर कॅथलिक जगात शतकानुशतके ‘लिम्बो’, म्हणजे स्वर्गही नाही आणि नरकयातनाही नाहीत अशी अवस्था, शिकवले गेले; २००७मध्ये व्हॅटिकनच्या आंतरराष्ट्रीय ईशज्ञान आयोगाने त्या बालकांच्या तारणाची आशा धरायला गंभीर आधार आहे असे म्हटले आणि लिम्बो हा चर्चचा बंधनकारक सिद्धांत कधीच नव्हता हेही स्पष्ट केले. मधल्या काळात किती आयांना नको तो निरोप मिळाला असेल! मत आणि सिद्धांत यांतला फरक न सांगण्याची किंमत अशी मोजावी लागते, आणि मोजणारा सहसा शिकवणारा नसतो.

श्रेणी तपासल्यावर काही अडचणी विरतात. सगळ्या नाही. यहोशवाच्या पुस्तकातला, इस्राएलने केलेला कनानी लोकांचा संहार वाचून ज्याचे पोट ढवळत नाही त्याच्याविषयी मला काळजी वाटेल. इथे जे सांगता येते ते असे. त्याच पुस्तकात दहाव्या अध्यायात सगळा देश जिंकून कोणालाही जिवंत ठेवले नाही असे म्हटले आहे, तेराव्या अध्यायात अजून पुष्कळ प्रदेश ताब्यात यायचा आहे असे आहे, आणि शास्ते पुस्तकाच्या पहिल्या अध्यायात न हाकललेल्या कनानी लोकांची यादीच आहे. त्या काळच्या विजयलेखांची भाषा अशीच असे. इ. स. पू. १२०८च्या सुमाराचा मिसरचा मर्नेप्टाह शिलालेख ‘इस्राएल उद्ध्वस्त झाला, त्याचे बीज उरले नाही’ अशी बढाई मारतो. इस्राएल तर पुढे शतकानुशतके होता. म्हणजे ‘एकही उरला नाही’ हे वाक्य शब्दशः मोजणी म्हणून वाचू नये, याला आधार आहे. आणखी एक गोष्ट: ख्रिस्ती परंपरेत ओरिजेन या प्राचीन भाष्यकारापासून अनेकांनी या युद्धांचा अर्थ मनातल्या पापांशी युद्ध असा लावला.

पण इथे थांबून प्रामाणिकपणे म्हणायला हवे, की एवढ्याने प्रश्न संपत नाही. अनुवाद पुस्तकाच्या विसाव्या अध्यायातली संहाराची आज्ञा अतिशयोक्ती म्हणून वाचली तरी ती आज्ञाच राहते. जो वक्ता पाच मिनिटांत याचे समाधान करून देतो तो ऐकणाऱ्याचा विश्वास वाचवत नाही. पुढच्या चांगल्या पुस्तकासमोर कोसळेल असा विश्वास त्याच्या हाती देतो. ‘याचे पुरेसे उत्तर माझ्याजवळ नाही, आणि येशूने शोमरोनी गावावर अग्नी पाडू पाहणाऱ्या शिष्यांना धमकावले हे मला ठाऊक आहे’ असे म्हणणारा पाळक जास्त काळ उपयोगी पडतो. न सुटलेल्या वचनाचा वापर मात्र कोणीही कधीही तलवार उपसण्यासाठी करू नये, हे त्यातून नक्की निघते.

आणि इथेच ओझ्याचा मुद्दा येतो. मत्तयच्या तेविसाव्या अध्यायात येशू धर्मशिक्षकांना दोष देतो, तो शिकवण कडक आहे म्हणून नाही. जड ओझी बांधून लोकांच्या खांद्यांवर देतात आणि स्वतः बोटही लावत नाहीत, हा त्याचा आरोप आहे. येशूची सर्वांत कठीण वचने कोणाला उद्देशून आली हे तपासा. श्रीमंत तरुणाला सर्व विकायला सांगितले, विधवेला नाही. घटस्फोटाविषयीचे कडक उत्तर परूशांना, म्हणजे नियमशास्त्र काटेकोर पाळणाऱ्या यहुदी पंथाच्या लोकांना, दिले; त्या समाजात सूटपत्र लिहून देण्याचा अधिकार नवऱ्याच्या हाती होता, म्हणजे त्या उत्तराने हात बांधले गेले ते बलवानाचे. शिष्य तर तिथे म्हणतात, असे असेल तर लग्न न केलेले बरे! आज तेच वचन मार खाणाऱ्या बायकोला घरी परत पाठवण्यासाठी वापरले जाते. वचन तेच, पण ओझे उलट्या खांद्यावर.

अशा वेळी नियम नेमका काय आहे हे माहीत असणे जिवाशी संबंधित असते. कॅथलिक चर्चची १९८३ची कायदासंहिता विवाह अतूट मानते, आणि तीच ११५३व्या कलमात सांगते, की जोडीदारामुळे शरीराला किंवा आत्म्याला, स्वतःच्या किंवा मुलांच्या, गंभीर धोका असेल तर वेगळे राहण्याचे रास्त कारण आहे; उशिराने धोका वाढणार असेल तर स्वतःच्या निर्णयानेही. ऑर्थोडॉक्स चर्च माणसाच्या दुर्बलतेसाठी सवलत म्हणून पश्चात्तापाच्या विधीसह दुसरा, कधी तिसराही विवाह मान्य करते. प्रोटेस्टंट परंपरांपैकी अनेक व्यभिचार आणि परित्याग ही कारणे मानतात. मते वेगळी आहेत, पण ‘सहन कर, हाच तुझा वधस्तंभ’ असे मारहाणीविषयी म्हणणे यांपैकी कशातच बसत नाही.

क्षमेचे तसेच. मत्तयच्या अठराव्या अध्यायातल्या दाखल्यात एका चाकराचे दहा हजार तालांतांचे कर्ज माफ होते, आणि तो स्वतः शंभर दिनारांसाठी सोबत्याचा गळा धरतो. दिनार म्हणजे मजुराची एका दिवसाची मजुरी, आणि एक तालांत म्हणजे सुमारे सहा हजार दिनार. म्हणजे माफ झाले ते सहा कोटी दिवसांचे श्रम. वर्षाला तीनशे दिवस काम धरले तर दोन लाख वर्षे. समोरच्याकडून येणे होते ते शंभर दिवसांचे. शंभर दिवसांची मजुरी ही गरिबाला लहान रक्कम नाही, हेही लक्षात घ्यावे. दाखला दुखापत किरकोळ ठरवत नाही. पण हा दाखला वाचणारे त्याच अध्यायातल्या आधीच्या ओळी विसरतात. लहानांना अडखळवणाऱ्याच्या गळ्यात जात्याची तळी बांधून समुद्रात बुडवलेले बरे, हे वचन तिथेच आहे. भावाने अपराध केला तर काय करायचे याच्या पायऱ्याही तिथेच आहेत: आधी एकट्याने भेटून सांगावे, ऐकले नाही तर एकदोघांना सोबत न्यावे, तरीही नाही तर मंडळीला कळवावे, मंडळीचेही ऐकले नाही तर त्याला बाहेरचा समजावे.

क्षमा, समेट आणि परिणामांतून सुटका या तीन गोष्टी आहेत. क्षमा म्हणजे सूड सोडणे; ती एकतर्फी करता येते, आणि वेळ घेते. समेटाला समोरच्याचा पश्चात्ताप लागतो. आणि गुन्ह्याची शिक्षा माफ करणे पीडिताच्या अखत्यारीतच नसते. पहिली पायरी, एकट्याने भेटण्याची, सारखी ताकद असलेल्या दोन भावांसाठी आहे. लहान मुलाला त्याच्यावर अत्याचार करणाऱ्या माणसापुढे एकटे बसवण्यासाठी नाही. तिथे पोलीस आणि वैद्य आधी, मंडळीचा समेट नंतर, कदाचित कधीच नाही. हे गोंधळले की क्षमेची शिकवण अत्याचाऱ्याची ढाल होते, आणि मग ती शिकवणच खोटी आहे असे पीडिताला वाटू लागते. दोष त्याचा नसतो.

आता एक रास्त आक्षेप. इतकी कसरत करत राहायचे कशाला? न पटणाऱ्या गोष्टींचा ढीग झाला तर सरळ बाहेर पडणे जास्त प्रामाणिक नाही का? कधीकधी आहे, आणि पौलानेच त्याची अट लिहून दिली आहे. ख्रिस्त उठवला गेला नसेल तर तुमचा विश्वास निष्फळ आहे, असे तो करिंथकरांस पहिल्या पत्राच्या पंधराव्या अध्यायात म्हणतो. म्हणून प्रश्नांचा क्रम महत्त्वाचा. पुनरुत्थान झाले असेल तर यहोशवाचा प्रश्न हा एक न सुटलेला प्रश्न आहे. झाले नसेल तर यहोशवाचा प्रश्न सुटूनही हाती काही लागत नाही. बहुतेकजण उलट्या क्रमाने जातात: कडेचे पन्नास प्रश्न आधी घेतात, दमतात, आणि मधल्या प्रश्नापर्यंत पोहोचण्याआधीच सोडून देतात. साक्षीदार कोण होते, कोणती पत्रे किती लवकर लिहिली गेली, रिकाम्या कबरेची बातमी पहिल्यांदा स्त्रियांनी आणली असे, स्त्रियांच्या साक्षीला फारसे वजन नसलेल्या त्या काळात, कोणी रचून का सांगावे, हे आधी वाचावे. तिथे ‘नाही’ असे उत्तर आले तर जाणारा माणूस लबाड ठरत नाही.

उत्तर यायला वेळ लागतो. त्या मधल्या काळात काय करावे, याचे अनुभवी मार्गदर्शन उपलब्ध आहे. येशूसंघाचे (जेझुइटांचे) संस्थापक लोयोलाचे इग्नेशस यांच्या आत्मिक साधनेच्या पुस्तकाला १५४८मध्ये पोपची मान्यता मिळाली. त्यातला एक नियम असा, की मन कोरडे आणि अंधारलेले असताना आधी घेतलेला निर्णय बदलू नये. निर्णय कधीच बदलू नये असे तो म्हणत नाही. अंधारात बदलू नये म्हणतो. त्याच्या जोडीला प्रार्थना थोडी वाढवावी, आत्मपरीक्षण करावे, असेही आहे. अर्थात झोप उडाली असेल, जगण्याची इच्छाच गेली असेल, तर तो आजार असू शकतो आणि त्याला डॉक्टर लागतो. नैराश्याला अविश्वास म्हणून दामटणारे मार्गदर्शक धोकादायक असतात.

प्रार्थनेतही खोटे बोलू नये. दीडशे स्तोत्रांपैकी सुमारे एक तृतीयांश विलापाची आहेत. अठ्ठ्याऐंशीव्या स्तोत्राचा शेवट अंधारावर होतो, आशेची एकही ओळ पुढे जोडलेली नाही, आणि तरी ते उपासनेच्या ग्रंथात ठेवले आहे. संकटांत सापडलेल्या ईयोबाचे मित्र देवाची बाजू घेऊन कित्येक अध्याय वाद घालतात. बेचाळिसाव्या अध्यायात देव त्यांनाच सांगतो, की माझा सेवक ईयोब माझ्याविषयी जे योग्य बोलला ते तुम्ही बोलला नाहीत. देवाचा बचाव करणे आणि देवाविषयी खरे बोलणे या वेगळ्या गोष्टी आहेत, हे त्या पुस्तकाइतके स्पष्ट कुठे सांगितलेले नाही. जी उपासना नुसत्या आनंदाच्या गीतांची असते तिथे दुःखी माणूस आठवडाभराचे खरे घरी ठेवून येतो आणि मग एक दिवस यायचे थांबवतो.

एकट्याने झगडू नये. मात्र सोबती निवडताना भान हवे. प्रत्येक शंकेला टाळी देणारा आणि प्रत्येक शंकेला घाबरणारा, दोघेही निरुपयोगी. ज्याने तोच प्रश्न स्वतः वर्षानुवर्षे बाळगला आहे असा वडीलधारा मिळाला तर त्याला धरावे. प्रश्न लिहून काढावा, एका वाक्यात. ‘बायबल मला पटत नाही’ हा प्रश्न नव्हे. ‘ईयोबाच्या मुलांचा यात काय दोष’ हा प्रश्न आहे. नेमका प्रश्न शोधता येतो, धूसर नाराजी फक्त वाढते. आणि जे स्पष्ट आहे ते पाळणे थांबवू नये. भुकेल्याला अन्न देण्यासाठी त्रैक्य सुटण्याची वाट पाहावी लागत नाही.

मंडळीचे काम यात मोठे आहे. दृढीकरणाच्या (मंडळीचे पूर्ण सभासद होण्याच्या तयारीच्या) वर्गात किशोरांना प्रश्नोत्तरावली पाठ करायला लावली जाते, आणि पाठ झाली की शिकवण झाली असे समजले जाते. त्या वर्गात निदान एक तास कठीण उताऱ्यांसाठी राखावा, उतारे मुलांनी निवडावेत आणि शिक्षकाला ‘माहीत नाही’ म्हणायची मुभा असावी. महाविद्यालयात पहिल्यांदा कनानच्या संहाराविषयी ऐकणारा मुलगा हादरतो तो त्या उताऱ्याने कमी. आपल्यापासून हे लपवले, या भावनेने जास्त. प्रेषितांची कृत्ये, अध्याय पंधरा, हा तर मंडळीतल्या वादाचा नमुनाच आहे. विदेशी विश्वासणाऱ्यांची सुंता व्हावी का यावर यरुशलेमात उघड चर्चा झाली, पेत्राने आपल्या पूर्वजांना आणि आपल्यालाही न पेलणारे जोखड त्यांच्या मानेवर का ठेवता असे विचारले, आणि शेवटी आवश्यक तेवढ्याच गोष्टींचे ओझे घालायचे ठरले. निर्णय लेखी दिला, निरोप घेऊन माणसे पाठवली. आज एखाद्या मंडळीच्या कार्यकारिणीला यातली निम्मी पद्धतही जमली तरी पुष्कळ झाले.

सभासद आणि शिक्षक यांना मात्र एकच माप लावता येत नाही. शंका असलेल्या सभासदाला उपासनेत, गायनात, सेवेत जागा असावी. येशू उठला यावर विश्वास न ठेवता शिष्य थोमा आठ दिवस इतर शिष्यांबरोबर राहिला आणि त्याला कोणी घालवून दिले नाही. पण व्यासपीठावरून मंडळीच्या नावाने बोलणाऱ्याची गोष्ट वेगळी आहे. पुष्कळांनी शिक्षक होऊ नये, त्यांचा न्याय अधिक कडक होईल, असे याकोबाचे पत्र बजावते. पुनरुत्थान घडलेच नाही अशा निष्कर्षाला जो पाळक पोहोचला आहे त्याने ईस्टरला संदिग्ध प्रवचने देत राहू नये. वरिष्ठांना सांगून शिकवण्याचे काम थांबवावे. अशा पाळकाला राहायला घर, काही महिन्यांचे वेतन आणि दुसरे काम शोधायला मदत देण्याची तरतूद मंडळीने आधीच करून ठेवायला हवी. ती नसते म्हणून किती तरी माणसे, कुटुंबाचा विचार करून, स्वतः मानत नसलेल्या गोष्टी दर रविवारी बोलत राहतात.